अधिकर्ष, इंधनपंपावरील

बँकेतील खात्यात शिल्लक असलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम काढली जाणे म्हणजे अधिकर्ष अथवा ओव्हरड्राफ्ट होय. मोटारीत इंधन भरून डेबिट कार्डाने पैसे देताना खातेदाराच्या नकळत घडणारा अधिकर्ष हा त्याचा एक आधुनिक प्रकार असून, तो प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्भवला. इतर बहुतेक खरेदीत वस्तूची किंमत आधी ठरते आणि पैसे नंतर दिले जातात. स्वयंसेवेच्या इंधनपंपावर हा क्रम उलटा होतो. कार्ड पंपाच्या खाचेत सरकवले जाते त्या क्षणी किती इंधन भरले जाणार, हे पुष्कळदा ग्राहकासही नेमके ठाऊक नसते. बँकेस तर ते कळण्याचा मार्गच नसतो. तरीही पंप सुरू होण्यापूर्वी विक्रेत्यास पैशाची हमी हवी असते. त्यामुळे खऱ्या किंमतीच्या जागी तात्पुरता एक अंदाज बसविण्यात येतो. हा अंदाज चुकल्यास त्याची झळ विक्रेत्याने सोसावयाची, बँकेने सोसावयाची की ग्राहकाने, या प्रश्नाभोवती या विषयाचा सर्व इतिहास फिरतो.

अधिकर्षाची सवलत मुळात ग्राहकाच्या सोयीसाठी निर्माण झाली. १७२८ मध्ये एडिंबरो येथील व्यापारी विल्यम हॉग यास रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने त्याच्या खात्यावरील शिल्लकेपेक्षा १,००० पौंडांपर्यंत अधिक रक्कम उचलण्याची मुभा दिली. माल विकत घेणे आणि विकलेल्या मालाचे पैसे हाती येणे यांमध्ये व्यापाऱ्यास जो काळ काढावा लागतो, तो भरून काढण्याचा हा उपाय होता. भारतीय बँकांत रूढ असलेली रोख पतीची पद्धत याच वळणाची आहे. हॉगच्या अधिकर्षाची मर्यादा आधी ठरलेली होती आणि तो त्याने स्वतः मागून घेतला होता, या दोन गोष्टी येथे ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. कारण पंपावरील अधिकर्षात नेमक्या याच दोन्ही गोष्टी आढळत नाहीत.

संयुक्त संस्थानांत विसाव्या शतकात अधिकर्षाचा संबंध मुख्यतः धनादेशांशी होता. पुरेशी शिल्लक नसताना धनादेश आल्यास तो परत पाठवावयाचा की खातेदाराची पत पाहून वटवावयाचा, हे शाखेतील अधिकारी ठरवीत असे. वटविल्यास बँक लहानसे शुल्क घेई. १९६८ मध्ये कर्जाच्या अटी व व्याजदर उघड करणे सक्तीचे करणारा कायदा झाला. त्याखालील नियम १९६९ मध्ये लागू करताना, लेखी कराराविना केवळ सौजन्य म्हणून वटविलेल्या अशा धनादेशांचे शुल्क कर्जावरील आकारणीच्या व्याख्येतून वगळण्यात आले. हाताने एकेक धनादेश तपासण्याच्या काळात हा अपवाद वाजवीच होता. पुढे १९९० नंतरच्या दशकात हा निर्णय संगणकाकडे गेला. सौजन्याची जागा ठराविक मर्यादेने व ठराविक शुल्काने घेतली. मात्र अपवाद तसाच राहिला आणि त्याचा लाभ डेबिट कार्डाच्या व्यवहारांनाही मिळू लागला. शुल्क हे व्याज मानले जात नसल्यामुळे त्याचा वार्षिक दर सांगण्याचे बंधन बँकांवर राहिले नाही.

स्वयंसेवेचा पंप : पंपावर ग्राहकाने स्वतः इंधन भरण्याची प्रथा बँकव्यवसायाशी संबंध नसलेल्या कारणांनी वाढली. १९४७ मध्ये लॉस अँजेल्स येथे फ्रँक उल्रिच याने स्वयंसेवेचे मोठे केंद्र उघडून गॅलनमागे ५ सेंट वाचविण्याचे आमिष दाखविले. अग्निसुरक्षेच्या कारणावरून अनेक राज्यांनी या प्रथेस विरोध केला. न्यू जर्सीने १९४९ मध्ये आणि ऑरेगनने १९५१ मध्ये तिच्यावर बंदी घातली. ऑरेगनमधील बंदी २०२३ मध्ये उठली. न्यू जर्सीतील बंदी मात्र त्यानंतरही टिकून राहिली. १९६४ मध्ये कोलोरॅडो राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे दुकानात बसलेल्या विक्रेत्याने दुरून पंप चालू-बंद करण्याची योजना अंमलात आली आणि एकच माणूस किराणा विकता विकता इंधनाचीही देखरेख करू शकेल, हे सिद्ध झाले. १९७३ व १९७९ या वर्षांतील तेलसंकटांमुळे इंधनाच्या किंमती भडकल्या. काही सेंट वाचविण्यासाठी ग्राहक स्वतः नळी हातात घेण्यास तयार झाला आणि १९८० नंतरच्या दशकात स्वयंसेवा हीच तेथील सर्वसाधारण रीत बनली.

या रीतीत पैसे न देताच गाडी हाकून निघून जाण्याचा धोका होता व तो इंधनाच्या किंमतीबरोबर वाढे. त्यावर आगाऊ पैसे घेणे हा सरळ उपाय होय. तो केवळ विक्रेत्याच्या नफ्यासाठीच होता असे म्हणता येत नाही. शेजारच्या कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ मध्ये अशा पळून जाणाऱ्या गाडीस अडविताना पंपावरील एक तरुण कामगार मृत्युमुखी पडला. त्यानंतर २००८ पासून त्या प्रांतात इंधन भरण्यापूर्वी पैसे घेणे कायद्याने बंधनकारक करण्यात आले. आगाऊ पैसे म्हणजे ग्राहकाची दुकानात दोनदा खेप : आधी पैसे देण्यासाठी आणि मग उरलेले परत घेण्यासाठी. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून पंपातच कार्ड वाचण्याची सोय होऊ लागली, तेव्हा या दोन्ही खेपा वाचल्या. तिचा प्रसार करण्यात मोबिल ही तेलकंपनी अग्रेसर होती. आरंभी ही यंत्रे पतपत्रासाठी, म्हणजे क्रेडिट कार्डासाठी होती. पतपत्रात पैसा बँकेचा असतो व हिशेब महिनाअखेर होतो. त्यामुळे मंजुरीच्या वेळी धरलेला अंदाज थोडाफार चुकला तरी ग्राहकास त्याचा पत्ताही लागत नसे. १९९० नंतर डेबिट कार्डांचा प्रसार झाला आणि तीच यंत्रे, त्याच नियमांनिशी, ग्राहकाच्या स्वतःच्या खात्याशी जोडली गेली. अडचणीचे मूळ येथे आहे.

रक्कम रोखून ठेवणे : कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात विक्रेता बँकेकडे मंजुरी मागतो व बँक तेवढी रक्कम खात्यात रोखून ठेवते. दुसऱ्या टप्प्यात विक्रेता खरी रक्कम कळवितो व ती वसूल होते. भागविक्रीसाठी अर्ज केल्यावर खात्यातच पैसे अडवून ठेवण्याची जी पद्धत भारतात २००८ पासून सुरू झाली, तिच्याशी हा पहिला टप्पा ताडून पाहता येईल. या अवधीत खात्याला दोन शिल्लका असतात : पुस्तकी शिल्लक, म्हणजे प्रत्यक्ष जमाखर्चानंतर उरलेली, आणि उपलब्ध शिल्लक, म्हणजे तीतून रोखलेल्या रकमा वजा जाता उरलेली. दोन्ही टप्प्यांत अंतर किती असावे हे विक्रेता, कार्डजाल व बँक या तिघांवर अवलंबून असते. ग्राहकाने यंत्रावर गुप्त क्रमांक दाबला असल्यास अंतिम रक्कम बहुधा लागलीच कळविली जाते. तो न दाबता व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांच्या जालातून व्यवहार झाल्यास वसुलीस एक ते तीन दिवस लागू शकतात; मध्ये शनिवार-रविवार आल्यास खोळंबा वाढतो.

पंपावरील व्यवहारास कार्डजालांनी ५५४२ हा स्वतंत्र वर्गक्रमांक दिलेला आहे. त्यावरून बँकेस एवढेच कळते की खातेदार स्वयंचलित इंधनपंपापाशी उभा आहे. पूर्वी पुष्कळ पंप केवळ १ डॉलरची मंजुरी मागत. कार्ड खरे व खाते चालू आहे, इतकीच खातरजमा त्यामागे असे. या एका डॉलरच्या मंजुरीवर विक्रेत्यास ७५ डॉलरपर्यंतची हमी कार्डजालाच्या नियमांनुसार मिळे. साहजिकच काही बँका हा वर्गक्रमांक दिसताच स्वतःच्या हिशेबाने ५०, ७५ वा १०० डॉलर रोखून ठेवीत, तर काही बँका एकच डॉलर रोखीत. २००८ च्या उन्हाळ्यात गॅसोलिनचा सरासरी भाव गॅलनला ४ डॉलरांवर गेला, तेव्हा ७५ डॉलरांत १९ गॅलनही (सु. ७२ लिटर) येईनात आणि मोठ्या गाड्यांच्या टाक्या अर्ध्यामुर्ध्या भरून पंप बंद पडू लागले. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. २०२२ मध्ये भाव ५ डॉलरांपलीकडे पोहोचला, त्या वर्षी व्हिसा व मास्टरकार्ड यांनी ती १२५ वरून १७५ डॉलरांवर नेली. म्हणजे २० डॉलरांचे इंधन भरणाऱ्याच्या खात्यातही १७५ डॉलर अडकून पडण्याची शक्यता निर्माण झाली. मर्यादा वाढविताना विचार मोठ्या टाकीचा झाला. लहान खात्याचा तेवढासा झाला नाही.

अंदाज मोठा असो की लहान, दोन्हींतून अधिकर्ष उद्भवतो, हे या विषयातील सर्वांत कमी लक्षात येणारे वैशिष्ट्य होय. समजा, एका खात्यात १२० डॉलर आहेत. पंपाने १०० डॉलर रोखले आणि खातेदाराने ३० डॉलरांचे इंधन भरले. त्याच्या मते त्याच्यापाशी ९० डॉलर उरले आहेत आणि ते खरेही आहे. परंतु बँकेच्या लेखी उपलब्ध शिल्लक २० डॉलरच आहे. त्या रात्री त्याचा ४० डॉलरांचा धनादेश आला, तर तो परत जाऊ शकतो किंवा वटवून शुल्क लागू शकते. पैसे असून नसल्यासारखे होतात. आता उलट बाजू पाहू. खात्यात ६० डॉलर आहेत. पंपाने १ डॉलर रोखला व इंधन ४५ डॉलरांचे भरले गेले. दुसऱ्या दिवशी शिल्लक पाहिली असता ती ५९ डॉलर दिसते. तो ३० डॉलरांचा किराणा घेतो व ते पैसे खात्यातून जातात. तिसऱ्या दिवशी इंधनाचे ४५ डॉलर वसूल होतात, खाते १५ डॉलरांनी खाली जाते आणि ३५ डॉलर शुल्क धरून तूट ५० डॉलरांची होते. पहिल्या उदाहरणात बँकेचा आकडा खऱ्याहून कमी होता, दुसऱ्यात तो खऱ्याहून जास्त होता. दोहोंतही ग्राहकाने आपल्या हिशेबाऐवजी बँकेच्या आकड्यावर विसंबावे की न विसंबावे, याचे एकच उत्तर देता येत नाही.

याहून विचित्र असा तिसरा प्रकार आहे. मंजुरीच्या वेळी शिल्लक पुरेशी असते, बँक होकार देते. परंतु वसुली होण्यापूर्वी मधल्या काळात दुसरे देणे जाते व वसुलीच्या वेळी शिल्लक अपुरी ठरते. होकार दिलेल्या व्यवहारावरच मग शुल्क बसते. होकारानंतर विक्रेत्यास पैसे देणे बँकेस भागच असते. ग्राहकास उधार द्यावे की नाही असा नवा निर्णय तिला वसुलीच्या वेळी घ्यावा लागत नाही. तरीही ते शुल्क उधारीचे म्हणूनच आकारले जाई.

शुल्काचा भार : संयुक्त संस्थानांत मोटारीवाचून कामावर जाणे बहुतेक ठिकाणी अशक्य आहे. पगाराच्या आदल्या आठवड्यात खात्यात थोडे पैसे उरलेले असताना इंधन भरणे टाळता येत नाही आणि नेमके याच वेळी रोखलेल्या रकमेचे ओझे सर्वांत जड होते. खात्यात हजारो डॉलर बाळगणाऱ्यास १७५ डॉलर दोन दिवस अडकल्याचे कळतही नाही. ग्राहक वित्त संरक्षण विभागाच्या २०१४ मधील पाहणीनुसार डेबिट कार्डावरील अधिकर्षशुल्कांपैकी बहुसंख्य शुल्के २४ डॉलर वा त्याहून कमी रकमेच्या व्यवहारांवर बसली होती, बहुतेक अधिकर्ष तीन दिवसांच्या आत फेडले गेले होते आणि शुल्काचा मध्यक ३४ डॉलर होता. तीन दिवसांसाठी २४ डॉलर उधार घेऊन ३४ डॉलर देणे, हे वार्षिक दरात मांडल्यास १७,००० टक्क्यांच्या वर जाते. सावकारीच्या इतिहासातही असा दर सहसा सापडणार नाही. १९६९ च्या अपवादामुळे तो कोठे छापण्याची मात्र गरज नव्हती.

एकाच दिवशी आलेल्या देण्यांचा क्रम लावण्याच्या पद्धतीने या भारात भर पडली. अनेक बँका दिवसभरातील देणी मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे या क्रमाने खर्ची घालीत. मोठे देणे पहिल्याने गेल्यामुळे शिल्लक लवकर संपे आणि मागून येणाऱ्या चार-पाच लहान देण्यांपैकी प्रत्येकावर स्वतंत्र शुल्क बसे. हाच क्रम उलटा लावला असता, तर शुल्क एकदाच लागले असते. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने वेल्स फार्गो बँकेस याच कारणावरून त्या राज्यातील ग्राहकांना सु. २०·३ कोटी डॉलर परत करण्याचा आदेश दिला. अशाच स्वरूपाच्या दाव्यात बँक ऑफ अमेरिकेने २०११ मध्ये ४१ कोटी डॉलरांची तडजोड मान्य केली.

नियमन : फेडरल रिझर्व्हने नोव्हेंबर २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक निधिहस्तांतरणाच्या नियमांत दुरुस्ती केली. तीनुसार रोकड देणारी यंत्रे व डेबिट कार्डाचे एकेकटे व्यवहार यांवर अधिकर्षशुल्क आकारण्यापूर्वी खातेदाराची स्पष्ट संमती घेणे आवश्यक झाले. हा नियम नव्या खात्यांस १ जुलै २०१० पासून व जुन्या खात्यांस १५ ऑगस्ट २०१० पासून लागू झाला. तोपर्यंत खातेदाराने काही न सांगणे म्हणजेच त्याची संमती, असे गृहीत धरले जात असे. ही दुरुस्ती महत्त्वाची असली, तरी तिला एक फट राहिली. धनादेश आणि दरमहा आपोआप जाणारी देणी यांना संमतीची अट नव्हती. त्यामुळे संमती न दिलेल्या खातेदारावर प्रत्यक्ष इंधनखरेदीचे शुल्क बसत नसले, तरी त्या खरेदीसाठी रोखलेल्या रकमेने त्याचा घरभाड्याचा धनादेश अडचणीत येऊ शकतो. दोष पंपाचा, शुल्क धनादेशाचे.

मंजुरीनंतरच्या शुल्काचा प्रश्न पुढील दशकात ऐरणीवर आला. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण विभागाने रीजन्स बँकेस अशा अनपेक्षित शुल्कांबद्दल ग्राहकांना किमान १४·१ कोटी डॉलर परत करण्याचा व ५ कोटी डॉलर दंड भरण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विभागाने परिपत्रक काढून ग्राहकास वाजवीपणे अपेक्षित नसलेले शुल्क हे अनुचित व्यवहारात मोडू शकते, असे जाहीर केले. २०२३ मध्ये इतर दोन संघीय बँकनियामक संस्थांनीही बँकांना तसाच इशारा दिला. या दडपणामुळे व परस्परस्पर्धेमुळे मोठ्या बँकांनी स्वतःहून माघार घेतली. कॅपिटल वन व सिटीबँक यांनी हे शुल्क रद्द केले. बँक ऑफ अमेरिकेने २०२२ मध्ये ते ३५ वरून १० डॉलरांवर आणले. मोठ्या बँकांनी दिलेल्या आकडेवारीनुसार अधिकर्ष व अपुऱ्या शिल्लकेची शुल्के यांचे उत्पन्न २०१९ मध्ये सु. १२ अब्ज डॉलर होते. ते २०२३ मध्ये ५·८ अब्जांवर उतरले. डिसेंबर २०२४ मध्ये विभागाने १० अब्ज डॉलरांहून अधिक मत्ता असलेल्या बँकांसाठी नवा नियम केला. त्यात शुल्क ५ डॉलरांवर ठेवणे, किंवा प्रत्यक्ष खर्चापुरते घेणे, किंवा अधिकर्षास रीतसर कर्ज मानून त्याचा दर उघड करणे, असे पर्याय होते. तिसऱ्या पर्यायाने १९६९ चा अपवाद संपुष्टात येऊ लागला होता. परंतु काँग्रेसने तो नियम अंमलात येण्यापूर्वीच रद्द ठरविला व त्या ठरावावर ९ मे २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांची सही झाली. त्याच महिन्यात विभागाने आपली पूर्वीची अनेक मार्गदर्शक पत्रकेही मागे घेतली.

अधिकर्ष टाळण्याचे मार्ग : कायद्याने प्रश्न पुरता सुटला नसल्यामुळे तेथील वाहनधारकांत काही रीती रूढ झाल्या आहेत. त्यांतील सर्वांत खात्रीची रीत जुनीच आहे. पंपावर कार्ड न सरकवता दुकानात जाऊन ‘तीन नंबरच्या पंपावर वीस डॉलर’ असे सांगितले आणि तेवढेच कार्डावर घालावयास लावले, म्हणजे मंजुरी व वसुली एकाच रकमेची होते. अंदाजास जागाच उरत नाही. टाकी तेवढ्याआधीच भरली, तर उरलेली रक्कम परत मागावी लागते आणि ती कार्डावर जमा होण्यास पुन्हा दिवस लागतात. म्हणून टाकीच्या रिकामेपणापेक्षा थोडी कमीच रक्कम सांगणे सोयीचे ठरते. रोख पैशाने हे काम त्याहून सोपे होते आणि पुष्कळ पंपांवर रोखीचा भाव गॅलनमागे काही सेंट कमीही असतो. ज्यांच्यामुळे मूळ सोय निर्माण झाली त्या दोन खेपा अशा रीतीने कमी शिल्लकेच्या ग्राहकास पुन्हा घालाव्या लागतात.

पंपावरच कार्ड वापरावयाचे असल्यास गुप्त क्रमांक दाबून व्यवहार केल्याने रोखलेली रक्कम सामान्यतः लवकर मोकळी होते. पंपावर चिकटविलेल्या सूचनेत किती रक्कम रोखली जाईल, हे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले असते. खात्यात निदान तेवढी रक्कम व तीवर दोन दिवसांतील इतर देणी भागतील इतकी शिल्लक असावी लागते. बँकेच्या संगणकीय नोंदीवर विसंबण्याऐवजी पावतीवरील खरा आकडा स्वतःच्या वहीत लागलीच वजा करणे, ही धनादेशाच्या काळातील सवय येथे अजून उपयोगी पडते. वर दिलेल्या दुसऱ्या उदाहरणातील अधिकर्ष केवळ तेवढ्याने टळला असता. पहिल्या उदाहरणातील अधिकर्ष मात्र वहीने टळत नाही. त्यासाठी इंधनाकरिता निराळे लहान खाते ठेवणे, किंवा पतपत्र वापरून महिनाअखेर ते पुरते फेडणे, हे मार्ग आहेत. पतपत्रावर रोखलेली रक्कम पतमर्यादेतून वजा होते, घरभाड्याच्या पैशातून होत नाही. ज्यांना पतपत्र मिळत नाही त्यांच्याच खात्यांत शिल्लकही कमी असते, ही या उपायाची मर्यादा होय. आगाऊ पैसे भरलेली कार्डे पंपावर वापरल्यास शिल्लक रोखावयाच्या रकमेहून कमी असते म्हणून ती नाकारली जातात. ती दुकानात चालतात. अधिकर्षसेवेस दिलेली संमती केव्हाही परत घेता येते. ती घेतल्यास अपुऱ्या शिल्लकेवर पंप सुरूच होणार नाही, एवढीच गैरसोय होते आणि रस्त्यात अडकण्याचे भय नसल्यास ती पस्तीस डॉलरांपेक्षा स्वस्त पडते. शिल्लक ठराविक आकड्याखाली गेल्यास भ्रमणध्वनीवर सूचना देण्याची सोय बहुतेक बँकांत आहे. तथापि ही सूचना वसुलीनंतर आली, तर तिचा उपयोग केवळ कळण्यापुरता असतो.

इतर देश : ब्रिटनमध्येही पंपावर पूर्वी १ पौंडाची मंजुरी मागितली जाई. २०१८ च्या सुमारास काही मोठ्या दुकानसाखळ्यांच्या पंपांवर तीऐवजी ९९ पौंडांपर्यंतची मंजुरी घेण्यास आरंभ झाला, तेव्हा कमी शिल्लकेच्या ग्राहकांकडून तक्रारी आल्या. तेथे एप्रिल २०२० पासून अधिकर्षावर ठराविक शुल्क घेण्यास मनाई होऊन केवळ वार्षिक दराने व्याज आकारण्याचा नियम झाला. त्यामुळे दोन दिवसांच्या चुकीचा खर्च पेन्सांतच राहतो.

भारतात हा प्रश्न सहसा उद्भवलेला नाही. येथे पंपावरील कर्मचारी इंधन भरतो. ग्राहक बहुधा ‘पाचशेचे टाका’ असे रकमेतच सांगतो आणि भरून झाल्यावर मीटरवरील आकडा हातातील यंत्रावर घालून कार्ड वा भ्रमणध्वनीद्वारे पैसे घेतले जातात. किंमत आधी व पैसे नंतर हा क्रम कायम राहिल्याने अंदाजाची गरज पडत नाही. बचत खात्यावर शिल्लक नसल्यास व्यवहार सामान्यतः नाकारला जातो, आणि किमान शिल्लक न ठेवल्याच्या दंडामुळे खाते शून्याखाली जाऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. जनधन खात्यांवरील अधिकर्षाची सवलत, जिची मर्यादा २०१८ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपयांवर नेण्यात आली, ही खातेदाराने मागून घ्यावयाची व आधी मर्यादा ठरलेली सवलत आहे. त्या दृष्टीने ती एडिंबरोच्या मूळ पद्धतीस जवळची. भारतात पंपावरील कार्डव्यवहाराबाबत वाद झाला तो वेगळ्याच कारणाने : नोव्हेंबर २०१६ मधील निश्चलनीकरणानंतर कार्डव्यवहारांचे प्रमाण वाढले असता, जानेवारी २०१७ मध्ये काही बँकांनी विक्रेत्यांकडून १ टक्का शुल्क घेण्याचे ठरविले आणि पंपचालकांनी कार्डे न स्वीकारण्याचा इशारा दिला. तो निर्णय लांबणीवर टाकण्यात आला.